बारा ताटांचा हिशेब : बीडच्या घरात दूधतुपाविना सकस स्वयंपाक

बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत वर्षातले बरेच दिवस ताटात दूध, दही, तूप, अंडे, मटण यांपैकी काहीच नसते. सकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, संध्याकाळी भाकरी आणि पिठले नाहीतर पातळ वरण, तोंडी लावायला ठेचा आणि कांदा. दावणीला म्हैस असली तरी दूध दोन्ही वेळा डेअरीच्या केंद्रावर जाते आणि दुधाच्या पगारावर किराणा भरला जातो. चहापुरते दूध मागे राहते, तेही रोज राहतेच असे नाही. कुणी व्रत घेतलेले नाही, कुणी तत्त्व म्हणून दूध सोडलेले नाही, तरी हा आहार जवळपास पूर्ण वनस्पतिजन्य, म्हणजे व्हीगनच आहे.

त्यामुळे दहा-बारा माणसांच्या घरात दूधतूप न वापरता सकस स्वयंपाक कसा करायचा, या प्रश्नाला इथे बदामाचे दूध आणि टोफू हे उत्तर कामाचे नाही. या जिल्ह्याच्या चुलीवर पिढ्यानपिढ्या जे शिजत आले ते मुळात चांगलेच आहे. कमी पडते ते माप. डाळ किती शिजली, पालेभाजी वर्षातले किती महिने मिळाली आणि सगळ्यांच्या मागून जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात काय आले, यावर सगळे ठरते. आणि एक घटक असा आहे की तो कितीही माप वाढवले तरी या आहारातून मिळत नाही. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण तिथे हयगय चालत नाही.

आधी हे जेवतात कोण ते पाहू. माळकरी घरे जिल्ह्यात गावोगाव आहेत. बीडजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे आणि लिंगायत घरांत मांसाहार वर्ज्य आहे. गेवराई तालुक्यातले गोदाकाठचे पांचाळेश्वर हे महानुभावांचे मोठे तीर्थ. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, गावांत जैन व्यापाऱ्यांची जुनी घरे आहेत. या सगळ्या परंपरांनी मांस सोडले, दूध मात्र धरून ठेवले. नैवेद्याच्या पुरणपोळीवर तूप हवेच आणि काल्याला दही हवेच. दुसऱ्या बाजूला मांसाहार करणारे मोठे समाज आहेत. मराठवाड्यातल्या दलित घरांचे खाणे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ साली आलेल्या पुस्तकात प्रथमच इतक्या तपशिलाने मांडले. याच वर्षी राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन गेले. त्याची जागा डाळीने घेतली असती तर बरे झाले असते, पण डाळ महाग होती.

तिसरा प्रवाह नवा आहे. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४४ साली व्हीगन सोसायटी काढली. जनावरांपासून मिळणारे काहीच खायचे नाही, दूध आणि मधही नाही, हा त्यांचा विचार. आपल्याकडे तो पुण्या-मुंबईत रुजला आणि आता शिकायला, नोकरीला गेलेल्या मुलांबरोबर परळी-अंबाजोगाईच्या घरांतही येतो. २०२२ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पदार्थांसाठी स्वतंत्र नियम आणि हिरवे चिन्हही केले. एखादी पोरगी सुट्टीला घरी येऊन म्हणते, “मी आता दूध घेत नाही,” आणि आजीला वाटते की पोरीने अन्नच टाकले. या घरांना मला पहिल्यांदा हेच सांगायचे आहे की त्या मुलीसाठी वेगळी चूल मांडायची गरज नाही. मात्र वनस्पतिजन्य जेवणाला शुद्धतेचा टिळा लावू नये. शेजारच्या ताटात अंडे असेल तर ते त्या घराचे पोषण आहे. गावात या विषयावर बोलताना जातीची चव आली की पुढचे कुणी ऐकत नाही आणि ऐकूही नये.

आता मापाकडे येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात त्यांनी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम शेंगदाणे-तेलबिया, २७ ग्रॅम तेल आणि ३०० मिलिलिटर दूध धरले आहे. हे दूध काढले की सुमारे दहा ग्रॅम प्रथिन आणि कॅल्शियमचा मोठा वाटा जातो. तेवढे प्रथिन भरून काढायला माणशी चाळीसएक ग्रॅम डाळ किंवा शेंगदाणे वाढवावे लागतात.

बारा माणसांचे घर घ्या : म्हातारा-म्हातारी, दोन मुलगे, दोन सुना, एक अविवाहित दीर, पाच नातवंडे. अशा घरात वरणाला किती डाळ पडते? अनेक ठिकाणी पावशेर. पावशेर डाळीचे वरण पाणी घालून मोठे पातेले भरून होते, सगळ्यांना पुरते आणि शेवटी थोडे उरतेही. पण बाराने भागले की माणशी वीस ग्रॅम डाळ आणि त्यातून साडेचार ग्रॅमच्या आसपास प्रथिन. पातेले भरलेले दिसते म्हणून पोषण भरलेले नसते. मुले लहान धरली तरी या घराला दिवसाला सव्वा किलोच्या आसपास डाळी-कडधान्ये हवीत आणि शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे मिळून चारशे ग्रॅम हवेत.

सव्वा किलो ऐकून घरातली कर्ती बाई दचकेल. एका वरणात एवढी डाळ घातली तर कुणी खाणारही नाही. म्हणून ती दिवसभरात वाटून टाकायची. सकाळच्या न्याहारीला चारशे ग्रॅम मटकी किंवा चवळीची उसळ. मोजताना कडधान्य कोरडे धरायचे, मोड आल्यावर ते फुगून दुप्पट दिसते. दुपारी तीनशे ग्रॅम तुरीचे किंवा मुगाचे घट्ट वरण. रात्री तीनशे ग्रॅम बेसनाचे पिठले. उरलेले पावशेर भाकरीच्या किंवा धपाट्याच्या पिठात जाते. गिरणीत दळण टाकताना ज्वारीच्या पायलीत हरभऱ्याची मूठ वाढवली की ते काम कायमचे होते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, त्यामुळे भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव भरतात. दोन्ही एकाच घासात यायला हवे असे नाही, एका दिवसात आले तरी पुरते.

बीडच्या शेतांकडे पाहिले की एक गोष्ट मनाला लागते. जिल्ह्यात सोयाबीन अफाट पिकते आणि जवळपास सगळे मोंढ्यावर जाते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये पस्तीस ग्रॅमच्या वर प्रथिन आहे, तूरडाळीच्या दीडपट. घरात ते शिजत नाही त्याचे कारण त्याचा उग्र वास आणि कच्चे खाल्ले की पोट बिघडते ही खरी भीती. सोयाबीनमधला पचनाला अडवणारा घटक उष्णतेने जातो. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवायचे, चोळून टरफल काढायचे, कडक उन्हात वाळवायचे आणि मग ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दळणात किलोला शंभर ग्रॅम टाकायचे. भाकरीची चव बिघडत नाही आणि थापताना भाकरी तुटत नाही. किराणा दुकानातल्या सोयावड्यांची रस्साभाजी मुले आवडीने खातात, तीही चांगलीच. पण स्वतःच्या शेतातले पोते विकून दुकानातली पुडी आणण्याआधी घरातले दहा किलो बाजूला काढून ठेवावे.

धान्याबद्दल फार लिहायला नको, ज्वारी-बाजरीचे गुण आता सगळेच गातात. मात्र रेशनवर वर्षानुवर्षे गहू-तांदूळ मिळाल्याने भाकरीची जागा पोळी-भाताने घेतली आणि मुलांना भाकरी नको झाली, हे बीडमध्येही घडले आहे. त्याचा परिणाम लोहावर होतो. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असते, पॉलिश केलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर तयार केलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण २०१८ साली आला. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त आहे. त्याआधी, २०१२ मध्ये, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर ‘धनशक्ती’ ही लोहाने समृद्ध बाजरी दिली होती. घरी खाण्यापुरत्या एक-दोन एकरांत हे वाण पेरले तर पोषण थेट भाकरीतून घरात येते, औषधाच्या दुकानात जावे लागत नाही.

मोठ्या घराला खरा आधार असतो तो एका पातेल्यात होणाऱ्या पदार्थांचा. बारा जणांच्या दोन्ही वेळच्या मिळून चाळीस-पन्नास भाकरी होतात. चूल असो वा गॅस, थापायला आणि भाजायला दोन तास जातात. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी भाकरीविना जेवण झाले तर बाईच्या खांद्याला आराम मिळतो आणि पोषणही घटत नाही. त्यासाठी हुलग्याच्या शेंगोळ्यांसारखा पदार्थ नाही. एक किलो हुलग्याच्या पिठात लसूण, जिरे, लाल तिखट वाटून घालायचे, ओवा, हळद, मीठ टाकायचे आणि पीठ घट्ट मळायचे. सैल मळले की शेंगोळे रश्शात विरघळतात. मोठ्या पातेल्यात ठेचलेल्या लसणाची फोडणी करून भरपूर पाणी उकळत ठेवायचे, त्यात शेंगदाण्याचे कूट. तळहातावर पिठाची वात वळायची, दोन टोके जुळवायची आणि पाणी खळखळ उकळत असतानाच एकेक सोडायचे. ओट्यावर आजी, नातवंडे सगळीच वळायला बसली तर अर्ध्या तासात परात भरते. पाणी थंड पडले की ते चिकटतात, म्हणून सगळे एकदम टाकायचे नाहीत. वीस-पंचवीस मिनिटांत शिजले की परातीत राहिलेले पीठ पाण्यात कालवून वर ओतायचे, रस्सा दाट होतो. वरून लिंबू पिळायचे. हुलग्यात शंभर ग्रॅममागे एकवीस ग्रॅम प्रथिन, अडीचशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि आठएक मिलिग्रॅम लोह आहे. दात नसलेल्या म्हाताऱ्यांना याच पिठाचे पातळ माडगे द्यावे.

लातूर-धाराशिवला लागून असलेल्या अंबाजोगाई, परळी, केज भागात वेळ अमावस्येला शेतात जी भज्जी शिजते, तिला तर मी मराठवाड्याचे सर्वांत संपूर्ण पातेले म्हणेन. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे ओले घाटे, वाटाणा, वाल, पालेभाज्या, गाजर, वांगी, चिंचेचा कोळ आणि वरून लावलेले बेसन. शेतात त्या आठवड्यात जे जे हिरवे आहे ते सगळे त्यात असते. सोबत बाजरीचे उंडे. ताकातली आंबील तेवढी सोडली तर हे जेवण पूर्ण वनस्पतिजन्य आहे आणि मळ्यात जमलेल्या पन्नास जणांना पुरते. वर्षातून एकदाच ती का करायची? डिसेंबर ते फेब्रुवारीत दर आठवड्याला ही भज्जी होऊ शकते. येसराची आमटी हाही असाच लग्नकार्यापुरता उरलेला पदार्थ. धान्ये आणि डाळी भाजून मसाल्यासह दळलेले येसर डब्यात तयार असेल तर ऐनवेळी आलेल्या पाहुण्यांसह पंधरा जणांची दाट आमटी अर्ध्या तासात होते. सप्ताहाच्या पंगतीला घराघरांतून भाकरी येतात आणि आमटी एका कढईत शिजते, ती पद्धत भावकीतल्या दोन-तीन घरांनी कामाच्या धांदलीत आपसात पाळायलाही हरकत नाही.

पालेभाजीचे दुखणे पाण्याचे आहे. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, तरोटा बांधावर फुकट मिळतो. थंडीत हरभऱ्याचा आणि करडईचा कोवळा पाला, पाथरी, चाकवत असतो. होळी झाली की विहिरी तळ गाठतात, टँकरची वाट पाहावी लागते आणि चार महिने ताटातून हिरवा रंग जातो. जुन्या बायका हरभऱ्याची भाजी आणि अंबाडी सावलीत वाळवून मडक्यात भरत. वाळवलेल्या पाल्यातले क जीवनसत्त्व उडते, पण लोह आणि कॅल्शियम राहते. ते वाळवण पुन्हा सुरू करावे असे मला तळमळून वाटते. दुसरा उपाय भांडी घासलेल्या पाण्याचा. मोरीच्या पाण्यावर एक शेवगा, एक लिंबू, एक पपई आणि कढीपत्ता सहज जगतो. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाच्या बचत गटांनी पोषण परसबागा लावल्या त्यात हीच झाडे असतात. शेवग्याच्या शंभर ग्रॅम पाल्यात तीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे आणि हे झाड उन्हाळ्यातही हिरवे असते. पाला बारीक चिरून पिठल्यात, धपाट्यात घातला तर मुलांना कळतही नाही.

अंबाडीची भाजी करताना तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या एकत्र शिजवून वरून लसणाची करडईच्या तेलातली फोडणी देतात. आंबट पाला, डाळ, धान्य सगळे एकाच पातेल्यात. वनस्पतीतले लोह शरीराला सहज मिळत नाही, ते शोषून घ्यायला आंबट फळांतले क जीवनसत्त्व लागते. शंभर ग्रॅम आवळ्यात ते अडीचशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, पेरूतही भरपूर. दोन्ही झाडे बीडच्या हवेत चांगली येतात. याउलट जेवणानंतर लगेच घेतलेला चहा लोह अडवतो. चहा बंद करा असे बीडमध्ये सांगून कुणी ऐकणार नाही. जेवण आणि चहा यांत तासभर अंतर ठेवा, एवढे तरी ऐकावे. भाजी लोखंडी कढईत आणि भाकरी लोखंडी तव्यावर, हेही पाळावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि बाईला लोह पुरुषापेक्षा दहा मिलिग्रॅमने जास्त लागते. तिच्या ताटात मात्र ते कमी येते.

दुधाविना कॅल्शियमची जुळणी अवघड आहे, अशक्य नाही. तिळात शंभर ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. न सोललेला तीळ भाजून कुटला तरच तो अंगी लागतो. थंडीत बाजरीच्या भाकरीवर तीळ लावतो ते चांगलेच, पण चटणीतून रोज दोन चमचे गेला पाहिजे. जवसाचेही तसेच : अख्खे दाणे न पचता जातात, कुटलेल्या चटणीतून ओमेगा-३ मिळते, जे मासे न खाणाऱ्यांना दुसरीकडून फारसे मिळत नाही. नाचणी बीडची नाही, पण दुकानात मिळते आणि लहान मुलांच्या खिरीला ती घ्यावी, गूळ आणि खोबरे घालून, दुधाविना. शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून त्याचे दूध करतात आणि विरजले तर दहीही लागते. दह्यावाचून घास न उतरणाऱ्यांना ते बरे पडते. मात्र त्यात म्हशीच्या दह्याएवढे कॅल्शियम आहे असे समजू नये.

आता सुरुवातीला म्हटलेला तो घटक, बी-१२. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि माणसाला ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच खात्रीने मिळते. भाकरी, डाळ, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, आंबवलेले पदार्थ, यांपैकी कशातही ते भरवशाचे नाही. न धुतलेल्या भाजीतून मिळते, स्पिरुलिनातून मिळते, या समजुतींवर कुणी विसंबू नये. त्याची कमतरता हळूहळू येते : हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा, सतत थकवा, तोंड येणे. म्हातारपण म्हणून ती सोडून दिली जाते आणि नसांची हानी पुढे भरून येत नाही.

या प्रश्नावरचे जगाला माहीत झालेले एक मोठे काम महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्या मातांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी आढळले. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की ज्या मातांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही वाट. त्या घरांचे जेवण बीडच्या घरांसारखेच होते : भाकरी, थोडी डाळ, नावापुरते दूध.

रेशनवर गेल्या काही वर्षांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेला तांदूळ मिळू लागला. त्याच्या मापदंडात किलोभर तांदळाला एक मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ आहे. मोठ्या माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागते. पावशेर तांदूळ खाल्ला तरी गरजेचा दहावा हिस्सा भरतो. म्हणून ज्या घरात दूध-अंडी खरोखरच नाहीत, तिथे बी-१२ची गोळी हा जेवणाचाच भाग समजावा, मिठासारखा. गोळी महाग नाही. रोज थोडी की आठवड्याला मोठ्या मात्रेची, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि साठी ओलांडलेल्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावे. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि दोन वर्षांखालची मुले यांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे : डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय दूध आणि अंडी तत्त्वासाठी बंद करू नयेत. लहान मुलाचे पोट छोटे असते, भाकरीने ते लवकर भरते आणि कॅलरी कमी पडतात. त्यांना शेंगदाणे-गुळाचा कुटलेला लाडू, तेल सोडलेले घट्ट वरण आणि मऊ कण्या द्याव्यात.

स्वयंपाकाचे हे सगळे हिशेब एका प्रश्नापाशी अडतात, आणि तो आहे आधी जेवतो कोण. मोठ्या घरात पुरुष, मग मुले, मग सासू आणि शेवटी सून. तिच्या वाट्याला वरणातले वरचे पाणी आणि भाकरीचा तुकडा येतो. डाळ तळाशी बसते, हे प्रत्येक बाईला माहीत आहे, म्हणून वाढताना पळी तळापासून फिरवावी आणि सगळ्यांची ताटे एकदमच वाढून ठेवावीत. भाकरी थापणे सोडून बाकीची कामे, कडधान्य भिजवणे, भाजी निवडणे, शेंगा फोडणे, कूट करणे, पुरुषांनी करावीत. बारा जणांचे सकस जेवण एका बाईच्या दोन हातांवर टिकत नाही.

ज्या घरांना हे सर्वांत आधी हवे ती घरे दसरा-दिवाळीनंतर गावात नसतात. बीडमधून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पहाटे अंधारात कोपीपुढे भाकरी भाजून कोयता घेऊन फडात उतरायचे, दुपारी त्याच गार भाकरीबरोबर चटणी, रात्री पुन्हा चूल. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीतून १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे आले. त्यामागे कामाचे, पैशाचे आणि रुग्णालयांचे अनेक प्रश्न आहेत. अपुऱ्या अन्नावर दिवसभर मोळ्या उचलणारे शरीर हाही त्यातला एक. मागे गावात आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांचे जेवणही असेच भाकरी-भाताचे असते.

टोळी निघण्याआधी प्रत्येक कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, सामानात पाच किलो हुलग्याचे पीठ, भाजलेल्या सोयाबीनचे पीठ मिसळलेले दळण, येसर, तीळ-जवस-शेंगदाण्याची चटणी, सोयावड्या आणि वाळवलेली अंबाडी जावी. हे सगळे कोपीत बरेच दिवस टिकते आणि शिजायला वेळ घेत नाही. उचल देताना मुकादमांनी आणि कारखान्यांनी हा शिधा द्यावा, गावातल्या बचत गटांकडून तो तयार करून घ्यावा. अंबाजोगाई आणि गेवराईजवळच्या खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रांनी लोहसमृद्ध ज्वारी-बाजरीचे बियाणे आणि सोयाबीन घरात वापरायचे शिक्षण या गटांपर्यंत न्यावे. आणि आरोग्य खात्याला एक विनंती आहे. स्त्रियांना मिळणाऱ्या सरकारी गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड आहे, बी-१२ नाही. पुण्याच्या सहा गावांनी याचा धोका दाखवून दिला आहे. निदान ऊसतोड महिलांना तरी, गाव सोडण्याआधी, बी-१२ची तपासणी आणि सहा महिन्यांच्या गोळ्या मोफत द्याव्यात.